बाळाचं दचकणं आणि वर्गातलं लक्ष: दोन्हींचा संबंध कितपत?

गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, मोरो रिफ्लेक्स म्हणजे काय गं?" मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडे येतातच. पण या वेळी तिचा आवाज रडवेला होता.

तिचा मुलगा तिसरीत आहे. गोष्टी सांगायला लागला की मोठी माणसं थांबून ऐकतात. पण गणिताच्या पाच उदाहरणांतलं दुसरं संपायच्या आत त्याची पेन्सिल खाली पडते, ती उचलायला वाकला की शेजारच्याच्या बुटाची सुटलेली नाडी दिसते, आणि तास संपतो. वर्गबाईंनी "एकदा कुणाला तरी दाखवून घ्या" असं सुचवलं. बहीण ज्या केंद्रात गेली तिथे पाऊण तास तपासणी झाली. मग तिला सांगितलं की याचे तान्हेपणीचे रिफ्लेक्स अजून गेलेले नाहीत, लक्ष न लागण्याचं मूळ तेच आहे, सहा महिने आमच्याकडे व्यायाम करा, डॉक्टरांकडे जायची गरज नाही. निघताना विचारलं, "लहानपणी रांगला होता का?" ती म्हणाली, "फारसा नाही, एकदम उभाच राहिला." "मग तिथेच राहून गेलं बघा."

तिला रडू येत होतं ते या शेवटच्या वाक्याने. आठ वर्षांपूर्वी आपण त्याला पुरेसं रांगू दिलं नाही म्हणून आज हे झालं, असं तिने मनाशी धरून टाकलं होतं.

सध्या पालकांच्या मोबाइलवर या विषयाचे रील्स एकामागून एक येत आहेत. मूल पाय मागे फाकवून बसतं, गाडीत त्याला मळमळतं, शर्टाचं लेबल टोचतं, आणि या प्रत्येकामागे म्हणे कुठला तरी 'राहून गेलेला' रिफ्लेक्स असतो. यात थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे आणि काही भाग मुलांचं नुकसान करणारा आहे. म्हणून हे पहिल्यापासून समजून घेऊ.

तान्हं बाळ काय काय घेऊन येतं

आधी शब्द. विचार न करता, शरीराकडून आपोआप होणारी हालचाल म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजेच रिफ्लेक्स. डोळ्यात काही जाणार असं दिसताच पापणी मिटते, तो रिफ्लेक्स आयुष्यभर राहतो. काही रिफ्लेक्स मात्र फक्त तान्हेपणाचे असतात. पुस्तकांत त्यांना 'आदिम' म्हणतात. आपण बाळ-रिफ्लेक्स म्हणू.

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला हे सगळं पुस्तक न वाचता ठाऊक असतं. पायांवर बाळ घेतलं की तिचा एक तळवा त्याच्या डोक्याखालून हलत नाही. कारण मान जराशी जरी मागे कलली, तरी बाळाचे दोन्ही हात झटकन बाहेर फेकले जातात, बोटं पंख्यासारखी पसरतात, मग हात मिठी मारल्यासारखे छातीकडे येतात आणि पाठोपाठ रडं. आपण म्हणतो, बाळ दचकलं. हायडेलबर्गमधले बालरोगतज्ज्ञ एर्न्स्ट मोरो यांनी १९१८ मध्ये याचं नीट वर्णन केलं, म्हणून तो मोरो रिफ्लेक्स. अंघोळीनंतर बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, ते याच दचकण्याने झोप मोडू नये म्हणून.

तळहाताला बोट लावलं की बाळ मूठ आवळतं. ही पकड इतकी घट्ट असते, की लुई रॉबिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८९१ मध्ये नवजात बाळं काठीला धरून स्वतःचं वजन पेलतात हे दाखवून दिलं होतं. गालाला काही लागलं की बाळ तोंड त्या बाजूला वळवतं, दूध शोधायला. आणखी दोन रिफ्लेक्स इथेच सांगते, कारण पुढे तेच लागणार आहेत. बाळाची मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात सरळ होतो आणि दुसरा कोपरात वाकतो, तलवार उपसल्यासारखा. याला आपण 'मान-वळण रिफ्लेक्स' म्हणू. दुसरा जरा उशिरा, सहाव्या महिन्यानंतर दिसतो. मान वर केली की हात ताठ आणि पाय दुमडतात, मान खाली घातली की हात दुमडतात आणि पाय ताठ. हा 'मान-खालीवर'. पालथं पडणारं बाळ हाता-गुडघ्यांवर यायला लागतं, त्या काळाचा हा सोबती.

मोरो, मुठीची पकड आणि मान-वळण साधारण चार ते सहा महिन्यांत मावळतात. मान-खालीवर वर्षाच्या आत जातो.

जातात म्हणजे कुठे जातात?

बाळ-रिफ्लेक्सचा कारभार मेंदूच्या तळाशी, मेंदूचा देठ म्हणतात त्या भागातून चालतो. जन्माच्या वेळी हा देठ तयार असतो. ठरवून हालचाल करणारा, थांबवणारा, विचार करणारा वरचा थर मात्र अजून कच्चा असतो.

नवी सोसायटी उभी राहते तेव्हाची गोष्ट आठवा. कमिटी नसते, ऑफिस नसतं, एकटा वॉचमन असतो. तो प्रत्येक गाडीला एकाच पद्धतीने वागवतो, कारण त्याच्याकडे एकच नियम आहे. पुढे कमिटी येते, कोणाला सोडायचं, कोणाला थांबवायचं हे ती ठरवायला लागते. वॉचमन तिथेच असतो, आता फक्त विचारल्याशिवाय फाटक उघडत नाही. बाळ-रिफ्लेक्सचंही असंच आहे. ते पुसले जात नाहीत, वरच्या थराच्या ताब्यात येतात. म्हणूनच स्मृतिभ्रंशात किंवा मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाल्यावर सत्तरीच्या माणसाच्या तळहाताला बोट लावलं, तर कधी कधी मूठ पुन्हा तान्ह्या बाळासारखी आवळली जाते. कमिटी गेली, वॉचमन पुन्हा एकटा.

पण हे चित्रही पूर्ण नाही. नवजात बाळाला उभं धरून पावलं जमिनीला टेकवली की ते चालल्यासारखी पावलं टाकतं, आणि दोनेक महिन्यांत हे थांबतं. मेंदूने ते दाबलं असंच सगळे धरून चालले होते. अमेरिकेत एस्थर थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशा बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात उभं धरलं, तर पावलं पुन्हा पडायला लागली! बाळाच्या मांड्या गुटगुटीत होऊन जड झाल्या होत्या, स्नायूंना तो भार उचलत नव्हता. पाण्याने भार उचलला. मला हा प्रयोग फार आवडतो. दिसणं-न दिसणं एवढ्यावरून मेंदूविषयी निकाल देऊ नये, हे तो स्वच्छ दाखवतो.

लक्षाशी नातं कसं जोडलं गेलं

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं, स्वतःला थांबवणं आणि एका जागी राहणं वयाच्या मानाने फार जड जाणं. जगभरात साधारण ५ टक्के मुलांमध्ये हे आढळतं. २०१३ मध्ये सुधारलेल्या अमेरिकी निकषांनुसार लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. फक्त आजीकडे गेल्यावर धिंगाणा घालणारं मूल यात बसत नाही.

इंग्लंडमधल्या चेस्टर शहरात १९७५ मध्ये पीटर ब्लाइथ या मानसशास्त्रज्ञांनी एक संस्था काढली आणि असा विचार मांडला, की काही धडधाकट मुलांत बाळ-रिफ्लेक्स थोडेसे शिल्लक राहतात आणि शिकण्याच्या आड येतात. कल्पना ऐकायला पटते. मुलगा वहीवर मान खाली घालतो, मान-खालीवर रिफ्लेक्स शिल्लक असेल तर हात दुमडायला बघतात, पाय ताठ व्हायला बघतात. मग तो पाय खुर्चीच्या पायाला गुंडाळून ठेवतो, बाकावर रेलतो, सारखी बैठक बदलतो. सगळी ताकद बसण्यातच गेली, तर वजाबाकीला काय उरणार?

तपासणीही साधी असते. मुलाला घोड्यासारखं हाता-गुडघ्यांवर उभं करतात आणि त्याची मान हळूच एका बाजूला वळवतात. दुसऱ्या बाजूचा कोपर किती वाकतो ते पाहून शून्य ते चार असे गुण देतात. माझ्या भाच्याचा कोपर वाकला होता. बहिणीने मला व्हिडिओ पाठवला, त्यात स्पष्ट दिसतं.

ऑस्ट्रेलिया, चेक प्रजासत्ताक अशा काही देशांत यावर अभ्यास झाले. एडीएचडीच्या मुलांमध्ये हे रिफ्लेक्स इतर मुलांपेक्षा जास्त दिसतात, असं त्यांतून पुढे आलं. तेव्हा 'संबंध आहे' हे विधान खोटं नाही. अभ्यास मात्र लहान आहेत, बहुतेकांत मुलांची संख्या काही डझनांत आहे.

छत्र्या आणि लोकल

मुंबईत ज्या दिवशी रस्त्यावर छत्र्या जास्त दिसतात, त्या दिवशी लोकल उशिरा धावतात. संबंध पक्का आहे, दर पावसाळ्यात पडताळून पाहता येतो. पण सगळ्यांच्या छत्र्या मिटवल्या म्हणून गाड्या वेळेवर येणार नाहीत. दोन्हींमागे पाऊस आहे.

इथला पाऊस कोणता असू शकेल? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूच्या वरच्या थराची जाडी वर्षानुवर्षं मोजून दाखवली. बहुतेक मुलांत तो साधारण साडेसात वर्षांच्या सुमाराला पूर्ण जाडीला पोचतो, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाच्या सुमाराला. सगळ्यात जास्त अंतर पुढच्या भागात, म्हणजे स्वतःला आवरण्याचं काम जिथे चालतं तिथे. आमच्या सोसायटीच्या भाषेत, कमिटी तीन वर्षं उशिरा बसते. तसं असेल, तर लक्षही उशिरा स्थिरावणार आणि वॉचमनही उशिरा ताब्यात येणार. रिफ्लेक्स मग कारण ठरत नाही, त्याच उशिराची एक खूण ठरते.

आणखी दोन शक्यता आहेत. एडीएचडीच्या साधारण निम्म्या मुलांना हालचालींच्या सुसूत्रतेतही अडचण असते, त्यांचा कोपर त्यामुळेही वाकेल. आणि तिसरी शक्यता तर मला व्हिडिओ बघताना स्वच्छ दिसली. "हात ताठ ठेव, हलू नकोस, डोकं मी वळवते," या सूचना पाळायला लक्षच लागतं. भाचा मधेच पंख्याकडे बघत होता. ज्या मुलाला सूचना धरून ठेवणं जमत नाही, त्याचे या तपासणीत गुण वाईटच येणार. मग आपण नक्की काय मोजलं?

शिवाय एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो. बहिणीने हे ऐकलं आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "याचे बाबाही असेच होते म्हणे." घरोघरी असं कुणीतरी असतं, ज्याला आपण 'पायाला भिंगरी' म्हणून सोडून दिलं.

"पण व्यायामाने फरक पडलेली मुलं आहेत की!"

आहेत. या उपचारात मूल जमिनीवर बाळासारख्या संथ हालचाली करतं, रोज दहा-पंधरा मिनिटं, महिनोन्‌महिने. बेलफास्टमधल्या क्वीन्स विद्यापीठाने २००० साली चांगल्या पद्धतीने घेतलेला एक प्रयोग 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. वाचनात अडखळणाऱ्या ८ ते ११ वयाच्या ६० मुलांचे तीन गट केले होते. वर्षभर अशा हालचाली करणाऱ्या गटाचा मान-वळण रिफ्लेक्सही कमी झाला आणि वाचनही इतरांपेक्षा सुधारलं. या विचाराच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम पुरावा, आणि तो झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. पण तो प्रयोग वाचनाचा होता, एडीएचडीचा नव्हता, आणि प्रत्येक गटात मुलं होती वीस.

घरी दिसणाऱ्या फरकाचं काय? सहा महिन्यांत आठ वर्षांचं मूल साडेआठचं होतं. रोज पंधरा मिनिटं आई मोबाइल बाजूला ठेवून फक्त त्याच्यासोबत सतरंजीवर बसते. अंग हलतं, आणि शारीरिक व्यायामाने लक्षाला थोडी मदत होते असं इतर अभ्यासही सांगतात. हे सगळं खरंखुरं आहे. यातला रिफ्लेक्सचा हिस्सा किती, हे तुलनेला दुसरा गट असल्याशिवाय कळत नाही.

या बाबतीत एक जुनी गोष्ट आठवणीत ठेवावी. फिलाडेल्फियात १९५० च्या दशकात डोमन आणि डेलाकाटो यांनी मेंदूला इजा झालेल्या मुलांसाठी 'रांगवण्याचा' उपचार काढला. चार-पाच माणसं मुलाभोवती उभी राहून त्याचे हातपाय रांगल्यासारखे हलवायची, दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं. कुटुंबं पिळवटून गेली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८, १९८२ आणि १९९९ अशी तीनदा या पद्धतीविरुद्ध निवेदनं काढली. आजचे रिफ्लेक्स-व्यायाम इतके कठोर नाहीत, पण 'बाळपणीची पायरी पुन्हा चढवली की मेंदू दुरुस्त होतो' हा धागा तोच आहे.

"रांगला नाही, म्हणून झालं का?"

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतल्या निरोगी बाळांची वाढ महिन्यामहिन्याला नोंदवली. त्यांतली ४.३ टक्के बाळं हाता-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि व्यवस्थित चालायला लागली. कुणी बसल्या बसल्या सरकतं, कुणी पोटावर घसटतं, कुणी थेट पलंगाला धरून उभं राहतं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये वाढीच्या टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा त्यातून रांगणं काढूनच टाकलं. बहिणीला मी हे दोनदा वाचून दाखवलं. सिझेरियन, वॉकर, झोळीत झोपवणं, अशा कशाकशाचे दोष आयांच्या माथी मारले जातात. वॉकर पडझडीमुळे वाईट आहे, जरूर टाळा. पण त्याने एडीएचडी होतो, याला आधार नाही.

रिफ्लेक्स खरंच पाहायचे ते कधी

पहिल्या वर्षात. इथे ते फार मोलाचे आहेत आणि नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. बाळ दचकताना एकच हात बाहेर येत असेल, तर प्रसूतीच्या वेळी खांद्याच्या नसा ताणल्या गेल्या असतील किंवा गळपट्टीचं हाड मोडलं असेल. सहा-सात महिने उलटून गेल्यावरही मोरो किंवा मान-वळण ठळकपणे दिसत असेल, मुठी सतत आवळलेल्या असतील, अंग ताठ किंवा फारच लुळं वाटत असेल, तर तो सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे बाळाच्या मेंदूला लवकर झालेल्या इजेमुळे हालचाली अवघड होण्याचा, इशारा असू शकतो. 'मुलगा आहे, उशिरा करेल' म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारलं तर त्या पत्ता देतील.

"मग ओटीकडे जायचंच नाही का?"

जरूर जायचं, कामासाठी जायचं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ज्यांना आपण ओटी म्हणतो, ते मुलाला पेन्सिल धरायला, बटणं लावायला, दप्तर भरायला, बाकावर नीट टेकून बसायला शिकवतात. चांगले ओटी पहिल्याच भेटीत विचारतात, "तुम्हाला कशात बदल हवाय?" त्यांच्याकडून तीन महिन्यांचं ठरलेलं उद्दिष्ट मागा: 'रिफ्लेक्स कमी होईल' असं नको, 'पाचांपैकी चार उदाहरणं पूर्ण करेल' असं. महाराष्ट्रात ओटींची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, ती आहे का हेही विचारा. आणि 'डॉक्टरांकडे जाऊ नका' असं जिथे सांगतील, तिथून उठून या.

डॉक्टर आधी काय बघतील? कान, डोळे, झोप. रात्री घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल दिवसा अस्वस्थच असतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, क्षणभर भान हरपणारे फिट्स. शाळेची भाषा मुलाला कळते का. वाचन-लेखनाची वेगळी अडचण आहे का. आणि वय. वर्गातल्या सगळ्यात धाकट्या मुलांना एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, हे अनेक देशांत दिसलंय. सहा वर्षांचं मूल सात वर्षांच्यांमध्ये बसवलं तर ते चुळबुळणारच.

हे सगळं पाहूनही एडीएचडी निघालाच, तर लहान, पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांत आधी आईवडिलांचं प्रशिक्षण: छोट्या सूचना, लगेच शाबासकी, ठरलेला दिनक्रम. त्यापुढच्या वयात, त्रास जास्त असेल तर औषधही. मिथिलफेनिडेट हे औषध अनेक दशकं वापरात आहे. अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने मूळ लक्षणांत सगळ्यात स्पष्ट फरक पडला. काही वर्षांनी गटांतला तो फरक पुसट झाला, हेही खरं. भूक मंदावते, झोप लांबते, उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून वजन-उंची मोजत राहावी लागते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि घेऊही नये. औषधाला घाबरणाऱ्या आईवडिलांची भीती मला समजते. त्या भीतीवरच तर सहा-सहा महिन्यांची पॅकेजेस विकली जातात, आणि तेवढ्या काळात मूल रोज वर्गात 'मी ढ आहे' हे शिकत राहतं. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटतं.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

भाच्याची तपासणी आता बालविकासतज्ज्ञांकडे सुरू आहे. शाळेचा आणि घरचा असे दोन फॉर्म भरून झालेत, कान-डोळे ठीक निघाले, पुढची तारीख मिळाली आहे. दरम्यान वर्गबाईंनी स्वतःहून एक केलं. त्याला खिडकीपासून उठवून पुढच्या बाकावर घेतलं, आणि पाच उदाहरणांचा कागद मधोमध दुमडून द्यायला लागल्या, म्हणजे एका वेळी दोन किंवा तीनच दिसतात. ती झाली की त्यानेच उठून डस्टर झटकून आणायचा आणि मग कागद उलगडायचा. बहिणीने परवा फोटो पाठवला. पाय अजून खुर्चीच्या पायाला गुंडाळलेलाच आहे, आणि कागदावर पाचही उत्तरं आहेत, त्यातलं एक चुकलेलं.